शोभाच्या सुपारीचं रद्दबातल प्रकरण

माणूस करार करतो तेव्हा त्याचं पोट भरलेलं असतं आणि करार मोडायला निघतो तेव्हा डोकं ताळ्यावर आलेलं असतं. जगातले बहुतेक करार दुपारच्या जेवणानंतर तासाभरात होतात, हे कोणत्याही कोर्टाचं जुनं दप्तर चाळलं तर दिसून येईल (चाळण्यासाठी परवानगी लागते, तिचा अर्ज सकाळी अकराच्या आत द्यावा). म्हणूनच सरकारने करार करण्याचं काम लोकांवर सोडलं आणि ते मोडण्याचं शास्त्र स्वतःच्या ताब्यात ठेवलं. त्या शास्त्राचा बीजमंत्र म्हणजे 'रद्दबातल'.

नुसतं 'रद्द' म्हटलं, तर समोरच्याला वाटतं की थोडी मध्यस्थी करून बघावी. नुसतं 'बातल' म्हटलं, तर काहीच वाटत नाही, कारण तो शब्द एकटादुकटा फिरताना श्रीगोंद्यात कुणी पाहिलेला नाही. दोन्ही मिळून आले, की समोरचा माणूस उपरणं सावरून उठतो. अशा करारांचे प्रकार दोन. पहिला, मुळातच रद्दबातल. म्हणजे करार झाला असं सगळ्यांना वाटलं, सगळे जेवून गेले, पण कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी कुणी कुणाकडे गेलंच नव्हतं. दुसरा, रद्दबातल ठरवून घेता येण्याजोगा. हा कुणीतरी चिडेपर्यंत उत्तम चालतो. (घरगुती करार बहुधा दुसऱ्या प्रकारात येतात. चिडायला मुदत नाही.)

ही फोड विष्णुपंतांची. विष्णुपंत कोर्टात एकतीस वर्षं कारकुनी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि आता श्रीगोंद्याचं राहतं घर त्याच शिस्तीत चालवत होते. त्यांच्या घरात ताक मागितलं तर मिळायचं, पण कुणी, कशासाठी आणि किती ते सांगून मागावं लागे. त्यांचा मुलगा शरच्चंद्र वकील होता, म्हणजे कोर्टात बोलायचा आणि घरी ऐकायचा. सून सरोजिनी पुण्याला तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. तिला चार महिन्यांची मुलगी होती, शोभा. पहिलं मूल असल्यामुळे सरोजिनीचं सगळं तर्कशास्त्र सध्या त्या मुलीवर खर्च होत होतं. तिने एक वही केली होती. वहीत दूध पिण्याच्या वेळा, झोपेची मिनिटं आणि शिंका. (फाल्गुन वद्य पंचमी: शिंका अकरा. पैकी सात उन्हाकडे बघून. उरलेल्या चार चिंताजनक.) शिवाय दात कधी येतो म्हणून दिवसातून तीनदा ती शोभाच्या हिरड्यांवरून स्वच्छ बोट फिरवायची. श्रीगोंद्यात कुणी जांभई दिली तरी तिची नजर आधी हिरड्यांकडे जाई.

अशा दक्ष बाईपासून एक गोष्ट चार महिने लपून राहिली होती.

ती उघडकीस आली पाडव्याला. गल्लीच्या टोकाला राहणारे नृसिंहराव, म्हणजे विष्णुपंतांचे जुने स्नेही, शाळेचे निवृत्त हेडमास्तर, यांच्याकडून साखरेची गाठी आली. सन चव्वेचाळीसचा पाडवा. लढाईमुळे साखर कार्डावर मिळायची, आणि अशा दिवसांत पदकासकट गाठी पाठवणाऱ्याचा हेतू साधा नसतो, एवढं सरोजिनीला कळलं. गाठीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. तीवर मास्तरी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'चि. सौ. कां. शोभा हिस, सासरकडून.'

चि. सौ. कां. शोभा तेव्हा स्वतःचा अंगठा सोडून दुसऱ्याच्या अंगठ्याच्या शोधात होती.

चौकशी केल्यावर निघालं ते असं. बारशाच्या दिवशी, जेवणानंतर, बाहेर ओसरीवर विष्णुपंत आणि नृसिंहराव पान लावत बसले होते. नृसिंहराव म्हणाले, आमचा नातू रंगनाथ अकरा महिन्यांचा झाला. विष्णुपंत म्हणाले, आमची शोभा बारा दिवसांची झाली. मग दोघांनी बराच वेळ विचार केला (साक्षीदारांच्या मते तीन मिनिटं) आणि पाच जणांसमक्ष सुपारी फोडली. शोभा रंगनाथाला दिली. आत सरोजिनी कानाला स्कार्फ बांधून शेगडीजवळ पडली होती, आणि तिला ऐकू आला तो आवाज खलबत्त्यात सुंठ कुटल्याचा असावा असा तिचा समज झाला.

नियोजित जावई तिने पाहिलेला होता. वय आता सव्वा वर्ष. भिंतीचे पोपडे खाणं हा त्याचा मुख्य व्यवसाय. बारशाच्या दिवशीच त्याने वधूच्या पायाचा अंगठा तोंडात घालून पाहिला होता आणि तो पसंत न पडून रडला होता. सरोजिनीने वहीचं शेवटचं पान उघडून 'रंगनाथ: बाजूने आणि विरुद्ध' असं कोष्टक आखलं. बाजूने काही सुचेना. मग तिच्या लक्षात आलं की रंगनाथ उद्या पोपडे खायचं सोडून कलेक्टर जरी झाला, तरी प्रश्न तिथेच राहतो. आपल्या मुलीने वीस वर्षांनी काय म्हणावं, ते एका दुपारी दोन म्हाताऱ्यांनी अडकित्त्यात धरून ठरवलं होतं.

तिने नवऱ्याला विचारलं. शरच्चंद्राने दार लोटून घेतलं आणि सांगितलं की कायद्याने या सुपारीला काडीचा अर्थ नाही, हायकोर्टात एका दिवसात उडेल.

"मग मामंजींना सांगा ना."

"हायकोर्टात सांगतो," शरच्चंद्र म्हणाला.

सरोजिनी रडली नाही, उपास धरला नाही की माहेरी पत्रही धाडलं नाही. सासऱ्यांची तिने पुरती पारख केली होती. एकतीस वर्षांत विष्णुपंतांना कुणाच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं नव्हतं, पण समास सोडून सुवाच्य अक्षरात लिहिलेला अर्ज त्यांनी कधी परत केला नव्हता. तिने फुलस्केप कागद घेतला आणि लिहिलं: 'अर्जदार शोभा, वय चार महिने, धंदा दूध पिणे, अज्ञान, तर्फे पालन करणारी आई सरोजिनी. विनंती अर्ज ऐसा जे, अर्जदाराच्या गैरहजेरीत, ती झोपली असता, फोडण्यात आलेली सुपारी रद्दबातल ठरवून मिळावी.'

विष्णुपंतांनी अर्ज दोनदा वाचला. कपाळाला आठ्या पडल्या, पण समास पाहून त्या हळूहळू गेल्या. त्यांनी अर्जावर नंबर एक घातला आणि म्हणाले, "प्रतिवादीला समन्स काढावं लागेल."

प्रतिवादी रंगनाथ. समन्स बजावायला राहीबाई गेली. राहीबाई रोज शोभाला तेल लावून न्हाऊ घालायला यायची आणि तिच्या हातून आजवर तालुक्यातलं एकही मूल निसटलेलं नव्हतं, हीच तिची बेलिफाच्या जागेसाठी लायकी. अर्ध्या तासात ती ओला कागद घेऊन परतली.

"त्याच्या हातात दिला, वैनी. त्यानं खाल्ला. निम्मा म्या बोट घालून काढला, निम्मा गेला पोटात."

विष्णुपंतांनी शेरा मारला: 'समन्स जातीने पोचले. प्रतिवादीने मजकूर आत्मसात केला.'

न्यायाधीश विष्णुपंतच होते. मूळ करारातही तेच होते, त्यामुळे यावर शरच्चंद्राने दबक्या आवाजात हरकत घेतली. पण तालुक्यात इतक्या अनुभवाचा दुसरा माणूस नाही, या मुद्द्यावर ती फेटाळली गेली. झोपाळ्यावर न्यायासन. पहिल्या तारखेला अर्जदार झोपली होती, म्हणून तहकूब. दुसऱ्या तारखेला प्रतिवादी झोपला. तिसऱ्या तारखेला दोघे जागे होते, पण एकाच वेळी रडत असल्याने कुणाची बाजू आधी ऐकायची हा पेच पडला. चौथी तारीख पडेपर्यंत चैत्र संपत आला आणि सरोजिनीच्या वहीत आता शोभाच्या जोडीला प्रतिवादीच्याही झोपेची मिनिटं येऊ लागली होती. या मधल्या दिवसांत नृसिंहरावांच्या घरून नातसुनेसाठी काकडीची कोशिंबीर, एक कुंची आणि बुरुडाकडून मुद्दाम विणून घेतलेला पाळणाही येऊन गेला. करार जितका जुना होतो तितका तो घट्ट होतो, हे तिला दिसत होतं आणि तिला जेवण जात नव्हतं.

चौथ्या तारखेला सुनावणी झाली. सरोजिनीने मुद्दे मांडले. संमती नाही, वय नाही, समज नाही. विष्णुपंतांनी ते सगळे मान्य केले आणि तिला वाटलं की जिंकलो.

"पण," विष्णुपंत म्हणाले, "ज्याला करार रद्दबातल करून हवा असेल, त्याने त्या कराराखाली घेतलेला लाभ आधी परत केला पाहिजे. कायदा आहे. माझा नाही, सरकारचा आहे."

"मी कसला लाभ घेतला, मामंजी?"

त्यावर राहीबाईची साक्ष झाली. राहीबाई खोटं बोलत नसे, आणि नेमकी तीच अडचण झाली. बारशाच्या दिवशी फोडलेल्या सुपारीचे सात तुकडे झाले. दोन वडीलधाऱ्यांनी घेतले, चार तुकडे पाचही साक्षीदारांनी आपसांत वाटून घेतले. सातवा बाळंतिणीच्या विड्यात गेला.

"व्हय, म्याच नेला आत विडा," राहीबाई म्हणाली. "वैनीनं खाल्ला, आन् आनखी हाय का म्हनून इचारलं."

म्हणजे सुपारी सरोजिनीने खाल्ली. सरोजिनीचं दूध अर्जदार प्याली. अर्जदाराने, स्वतःच्या तोंडाने, कराराचा लाभ घेतला. विष्णुपंतांचं हे तर्कशास्त्र पुण्याच्या तर्कशास्त्रापेक्षा सरस होतं, हे सरोजिनीला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. लाभ परत करायचा तर तीच सुपारी, अखंड, पूर्वस्थितीत हजर करणं भाग होतं. शरच्चंद्राने सुचवलं की बाजारातून दुसरी आणावी. विष्णुपंतांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. कोर्टात जमा असलेल्या एका म्हशीच्या जागी दुसरी म्हैस बांधणाऱ्या माणसाकडे त्यांनी एकदा असं पाहिलं होतं, आणि तो माणूस पुढे गाव सोडून गेला होता.

प्रतिवादीतर्फे हजर असलेल्या नृसिंहरावांना हसू आलं. त्यांच्या हसण्याची एक पद्धत होती. ते तोंडावर उपरणं धरून हसत. ही त्यांची अदब समजली जाई, आणि त्यांच्याकडे आदराने पाहणारे गावातले बरेच लोक आता तसंच हसत. पण त्या क्षणी मांडीवरच्या रंगनाथाने उपरण्याचं टोक तोंडात घालण्यासाठी ओढलं आणि मास्तरांचं हसू उघड्यावर पडलं.

सरोजिनीची नजर सवयीने हिरड्यांकडे गेली.

वर काही नव्हतं. खाली काही नव्हतं. गुलाबी, गुळगुळीत, स्वच्छ. तिला क्षणभर वाटलं की आपण शोभाच्याच तोंडात पाहतो आहोत, आणि नकळत तिचं बोट उचललं गेलं. मग तिने ते आवरलं आणि पदर खोचला.

"मास्तरकाका, बारशाच्या दिवशी सुपारी तुम्ही खाल्लीत?"

"तोंडात टाकली की."

"चावलीत?"

नृसिंहराव शाळेत तीस वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारत आले होते. उत्तर येत नसलेल्या मुलाने कुठे बघायचं असतं ते त्यांना माहीत होतं. ते तिथे, छताकडे, बघू लागले. मग त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि झोपाळ्यावर ठेवली. पुडीत सुपारीचा तुकडा होता. त्याचे कोपरे झिजले होते.

दात जाऊन सहा वर्षं झाली होती, ते सांगू लागले. चारचौघांत सांगायला लाज वाटे. बारशाच्या दिवशी त्यांनी तुकडा गालात धरला आणि घरी जाऊन पुडीत बांधला. पण करार तो करार, म्हणून तेव्हापासून रोज पूजेनंतर अर्धा तास ते तो तोंडात धरत होते. हेतू प्रामाणिक होता. शरच्चंद्राने तुकडा उजेडात धरून अंदाज केला की या वेगाने मास्तर शोभाच्या अकराव्या वर्षापर्यंत सुपारी पूर्ण करतील.

विष्णुपंतांनी तुकडा परत पुडीत ठेवला. समोर जिवलग मित्र होता, आणि कायदा होता. सुपारी दोन्ही बाजूंनी चावून गिळल्याशिवाय करार पुरा होत नाही, हा प्रघात त्यांनीच शेकडो बैठकींत लोकांना ठणकावून सांगितला होता.

"दात नव्हते, सरोज," नृसिंहराव हळू म्हणाले. "शब्द होता."

सरोजिनीला त्यांची दया आली. तरी ती म्हणाली, "शब्द तुमचा होता, मास्तरकाका. संसार हिचा आहे."

निकाल असा झाला: 'एका पक्षाच्या तोंडी दात नसल्याने सुपारी चावली गेली नाही. सबब करार पुरा झाला नाही. सबब तो मुळातच रद्दबातल. कुंची, पाळणा व गाठी परत करावी.' गाठीत दोन पदकं कमी भरली. त्याबद्दल मुंग्यांना पक्षकार करावं काय, हा मुद्दा खुला ठेवण्यात आला. पाळणा नृसिंहरावांनी परत घेतला नाही. तो सासरचा म्हणून दिला नव्हता, असं ते निकालानंतर म्हणाले. रंगनाथाने जाताना शोभाच्या पायाचा अंगठा पुन्हा एकदा तपासला आणि शांतपणे गेला. सरोजिनी त्या दिवशी दोन वेळा जेवली.

इथे हकीकत संपायला हवी होती. पण निकाल हा पोपड्यासारखा असतो. एक निघाला की भिंतीचं पुढचं दिसायला लागतं.

आठवड्याभरात श्रीगोंद्यात मोजणी झाली. कुणी केली ते ठाऊक नाही, पण आकडे सगळ्यांकडे एकच होते. सुपारी फोडायला बसवावं अशा योग्यतेचे वडीलधारे गावात एकूण त्रेसष्ट. पैकी दात पूर्ण असलेले चार. कामापुरते असलेले सतरा. नुसते समोर, शोभेपुरते असलेले अकरा. अजिबात नसलेले एकतीस. आणि हे एकतीसच लग्न ठरवण्याच्या कामात सर्वांत उत्साही, कारण बाकीच्यांना अजून जेवणात रस होता. म्हणजे श्रीगोंद्यातली निम्मी लग्नं झालीच नव्हती. लोक गैरसमजाने एकत्र राहत होते.

पहिला आला भिमाजी, मळ्याकडचा बागाईतदार. वय पन्नास, नातवंडं सहा. ओसरीच्या टोकाला बसून त्याने आवाज खाली घेतला. "पंत, आमच्या सुपारीला आजेसासरा बसला हुता. लई म्हातारा. खीरच खायाचा नुस्ती. मंग आमचं काय म्हनायचं?" विष्णुपंत विचार करतात तोवर मागच्या दाराला त्याची बायको छबूबाई सरोजिनीला नेमकं तेच विचारत होती, फक्त तिच्या सांगण्यात म्हातारा भिमाजीच्या बाजूचा होता. मी येऊन गेलो ते घरी कळू देऊ नका, असं दोघांनीही बजावलं. सरोजिनीने भिमाजीला पुढून आणि छबूबाईला मागून वाटेला लावलं. पण गल्ली एकच असल्याने पुढे जाऊन दोघे एकत्रच चालू लागले आणि कांद्याच्या रोपांबद्दल बोलत गेले.

त्यानंतर रांग लागली. विष्णुपंतांनी सगळ्यांना अर्ज करायला सांगितलं, आणि कागदाचा तुटवडा असल्याने गाव थोडक्यात वाचलं. पण त्या दिवसापासून विष्णुपंतांचं स्वतःचं जेवण कमी झालं. ते ताकभात कालवून नुसतं पाहत बसू लागले. तिसऱ्या दिवशी सरोजिनीने ताट समोर ठेवलं आणि, आता ती या बाबतीत अनुभवी झाली होती, शांतपणे विचारलं, "मामंजी, तुमचे दात कधी गेले?"

"एकोणचाळीस साली," विष्णुपंत म्हणाले.

सरोजिनी आणि शरच्चंद्राची सुपारी फुटली ती एक्केचाळीसमध्ये. मुलाकडून विष्णुपंतच बसले होते. आपला तुकडा त्यांनी गालात धरला होता आणि घरी आल्यावर तुळशीच्या मातीत पुरला होता; शोभाच्या बारशाचा तुकडाही तिथेच गेला होता. आयुष्यात त्यांनी लपवलेले पुरावे हे दोनच.

आता त्या घराची कायदेशीर परिस्थिती पाहा. सासरा सासरा नव्हता, नवरा नवरा नव्हता, सून सून नव्हती. ओसरीवर एक निवृत्त शिरस्तेदार, माजघरात एक वकील आणि स्वयंपाकघरात पुण्याची एक पदवीधर बाई, असे तीन परके लोक काही खुलासा न देता एकाच छपराखाली राहत होते. त्यातल्या त्यात सरोजिनी शोभाची आई होती, एवढंच पक्कं, कारण त्या कामात कुणी सुपारी फोडली नव्हती.

दुपारी शरच्चंद्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. हातात अडकित्ता होता आणि एक अख्खी सुपारी. कोर्टात त्याचा आवाज कधी अडखळत नसे.

"माझे बत्तीस आहेत," तो म्हणाला. "तुझे?"

"तीस."

"मग आपण आपली फोडू या? मध्ये कुणीच नको."

सरोजिनीने सुपारी हातात घेतली, हुंगली, किडकी नाही ना ते पाहिलं. मग अडकित्ताही पाहिला. तीन वर्षांपूर्वी तिला कुणी विचारलं नव्हतं. आज विचारत होते, तर घाई कशाला. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. फडताळातून वही काढून तिने शेवटच्या पानावर नवं कोष्टक आखायला घेतलं आणि म्हणाली, "मला आठ दिवसांची मुदत हवी. अर्ज करा. समास सोडून."

विवाहित वाचकांनी या हकीकतीवरून काही निष्कर्ष काढू नये अशी विनंती आहे. आपल्या सुपारीला कोण आजोबा बसले होते, ते खळखळून हसत की उपरण्याआडून, जेवायला भाकरी घेत की खीर, हे आठवत बसू नये. अर्थात इथवर येता येता तुमचं ते आठवून झालं आहे, आणि ते आठवताना तुमच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते समोर भाजी निवडत किंवा वर्तमानपत्र धरून बसलेल्या माणसाने पाहिलं आहे. तो माणूस काही बोलला नाही यावरून धीर धरू नका. हे पान त्याने सकाळीच वाचलं आहे, आणि तेव्हापासून तो घरात फुलस्केप कागद शोधतो आहे.